दूरच्या डीलरकडून नवी आरव्ही घेताना

न्यू जर्सीहून आंतरराज्य महामार्ग ८० धरून पश्चिमेकडे निघाले, की पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो मागे टाकल्यावर साडेसहाशे-सातशे मैलांवर इंडियानातले एल्कहार्ट लागते. अमेरिकेत तयार होणाऱ्या बहुसंख्य आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली चाकांवरची घरे, या गावाच्या आसपासच्या कारखान्यांतून बाहेर पडतात. थॉर इंडस्ट्रीज आणि फॉरेस्ट रिव्हर या दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालयेही येथेच आहेत. कारखाने जवळ असल्याने तेथील डीलरांचा वाहतुकीचा खर्च कमी असतो आणि आपसांतली स्पर्धा तीव्र असते. त्यामुळे किनारपट्टीवरच्या डीलरने सांगितलेल्या किमतीपेक्षा तेथील किंमत काही हजार डॉलरनी कमी निघणे ही नवलाची गोष्ट नाही. आम्ही आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची आरव्ही, असाच, घरापासून फार दूरच्या डीलरकडून घेतला. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतात. त्यांना मोटेलचे जिने आणि रोजचे बाहेरचे जेवण सोसत नाही, पण स्वतःचा ओटा सोबत असला की दहा दिवसांचा प्रवासही झेपतो, हे आमचे कारण होते. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांच्या मनात असाच विचार घोळत असेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

जवळच्या डीलरकडून घेतलेल्या ट्रेलरचा नळ गळू लागला, तर शनिवारी सकाळी तो परत नेऊन उभा करता येतो. दूरच्या डीलरच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो, आणि पुढे जे काही सांगणार आहे ते सारे या एका गोष्टीतून निघते. जे विचारायचे, तपासायचे आणि दुरुस्त करून घ्यायचे, ते सही करण्यापूर्वी आणि पैसे देण्यापूर्वी झाले पाहिजे.

दुरुस्तीची सोय आधी पाहावी

बहुतेक लोक आधी किंमत ठरवतात आणि मग दुरुस्तीचा विचार करतात. क्रम उलटा असावा असे मी आग्रहाने सांगेन. नव्या आरव्हीत पहिल्या वर्षात किरकोळ दोष निघतातच, कारण ती हाताने जोडलेली वस्तू असते आणि रस्त्यावर धावताना संपूर्ण घर हादरत असते. वॉरंटीचे काम कंपनीने मान्यता दिलेला कोणताही डीलर करू शकतो, हे कागदावर खरे आहे. मात्र ते करण्याचे बंधन त्याच्यावर बहुधा नसते. वॉरंटीच्या कामासाठी कंपनी डीलरला जो मोबदला देते तो गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या दरापेक्षा बहुधा कमी असतो, शिवाय छायाचित्रे पाठवून पूर्वमंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे हंगामात डीलर स्वतःच्या गिऱ्हाइकांना आधी वेळ देतो, आणि दुसरीकडून गाडी घेतलेला माणूस रांगेच्या शेवटी जातो.

म्हणून घराच्या परिसरातल्या तीन-चार डीलरांना आणि स्वतंत्र दुरुस्ती केंद्रांना आधीच फोन करावा, आणि सरळ विचारावे: गाडी तुमच्याकडून घेतलेली नसेल, तर या कंपनीच्या वॉरंटीचे काम तुम्ही घ्याल का, आणि जून महिन्यात किती आठवडे थांबावे लागेल? घरी येऊन काम करणारे फिरते तंत्रज्ञही असतात. त्यांनी केलेल्या कामाचे पैसे कंपनी देते का, आणि त्यासाठी आधी परवानगी लागते का, हे कंपनीच्या ग्राहक विभागाकडून ईमेलने लिहून घ्यावे. कोणीही काम घ्यायला तयार नसेल, तर स्वस्त किमतीचा मोह तेथेच सोडावा.

आरव्हीची वॉरंटी एकसंध नसते, हेही येथेच लक्षात घ्यावे. घराच्या भागाची वॉरंटी कंपनी देते, आणि ट्रेलरच्या बाबतीत ती पुष्कळदा एकाच वर्षाची असते. फ्रिज, वातानुकूलन यंत्र, गीझर, टायर यांची वॉरंटी त्या त्या उत्पादकाची असते. मोटरहोम, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेली आरव्ही, घेतले तर इंजिन आणि सांगाड्याची जबाबदारी फोर्ड, मर्सिडीज किंवा रॅम यांची असते. ते काम गावोगावच्या सेवा केंद्रांत होते, ही सोयीची बाजू आहे. मात्र इतकी उंच-लांब गाडी आत घेण्याची व्यवस्था प्रत्येक केंद्रात नसते.

वजनाचे गणित

मोटरहोम घेणाऱ्यांनी हा भाग वगळला तरी चालेल. ट्रेलर घेणाऱ्यांनी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आपल्याकडच्या अनेक घरांत होंडा ओडिसी किंवा टोयोटा सिएना असते, आणि त्यांची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंडांच्या पुढे जात नाही. पेट्रोलवरची टोयोटा हायलँडर योग्य जोडणीसह ५,००० पौंडांपर्यंत ओढते. जाहिरातीत ट्रेलरचे ‘कोरडे वजन’ ठळक छापलेले असते, पण हिशेब करायचा तो ट्रेलरच्या कमाल अनुज्ञेय वजनावरून, ज्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात. सामान, भांडी, बॅटरी आणि पाणी भरल्यावर ट्रेलर त्या आकड्याच्या जवळ जातो. केवळ पाणीच गॅलनला सुमारे ८.३ पौंड भरते, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांहून अधिक वजन वाढले.

त्याहून अधिक फसगत होते ती जिभेवरच्या वजनात, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जो भार आपल्या गाडीच्या हुकावर येतो त्यात. ट्रॅव्हल ट्रेलर सरळ आणि स्थिर चालायचा असेल तर हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. ट्रेलर भरून ७,००० पौंडांचा झाला, तर ७०० ते १,०५० पौंड थेट गाडीवर येतात. त्यात जोडणीच्या सामग्रीचे वजन, आई-बाबा, मुले आणि मागच्या डिकीतले डबे मिळवावेत. हे सारे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या पट्टीवर छापलेल्या भारक्षमतेत बसले पाहिजे. विक्रेता ‘तुमची गाडी आरामात ओढेल’ असे म्हणतो तेव्हा तो बहुधा ओढण्याची मर्यादा सांगत असतो, ही भारक्षमता नव्हे. दूरच्या गावी पोहोचल्यावर गाडी पुरत नाही असे कळणे फार महागात पडते.

किंमत विचारण्याची रीत

छापील किरकोळ किमतीला आरव्हीच्या बाजारात फारसा अर्थ नसतो. ट्रेलरवर तिच्यापेक्षा २० ते ३० टक्के कमी भाव मिळणे सर्वसाधारण मानले जाते. म्हणून चार-पाच डीलरांना एकच मॉडेल, आतल्या मांडणीचा एकच आराखडा आणि तीच जोडसामग्री सांगून ईमेलवर अंतिम आकडा मागवावा, आणि त्यात कारखान्यापासूनची वाहतूक, गाडी तयार करण्याचे शुल्क, कागदपत्रांचे शुल्क, बॅटरी आणि गॅसच्या टाक्या हे सर्व धरलेले असावे अशी अट घालावी. कागदपत्रांच्या शुल्कावर काही राज्यांत कायद्याची मर्यादा आहे, काही राज्यांत नाही. आम्हाला एका डीलरने फोनवर सांगितलेला भाव सर्वांत कमी होता आणि लेखी हिशेब आल्यावर तोच सर्वांत महाग ठरला.

पुढच्या वर्षाची मॉडेल्स आल्यावर मागच्या वर्षाचा न विकलेला माल अधिक सवलतीत निघतो. तो घेण्यास हरकत नाही, पण भाव त्या प्रमाणात उतरलेला हवा. वर्ष ओळखण्यासाठी गाडीच्या १७ अक्षरी क्रमांकातील दहावे अक्षर पाहावे: एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. कर्ज लागणार असेल तर स्वतःच्या क्रेडिट युनियनकडून ते आधीच मंजूर करून घ्यावे, आणि मुदत पंधरा-वीस वर्षांची मिळते म्हणून ती घ्यावी असे नाही. नव्या आरव्हीची किंमत पहिल्या वर्षातच बरीच घसरते, त्यामुळे लांब मुदतीच्या कर्जात विक्रीची किंमत शिल्लक कर्जाहून कमी राहण्याचा काळ फार मोठा होतो.

आगाऊ रक्कम द्यायची तर क्रेडिट कार्डाने द्यावी, आणि कोणत्या परिस्थितीत ती परत मिळेल हे लिहून घ्यावे. भाव अविश्वसनीय वाटण्याइतका कमी असेल, विक्रेता केवळ बँकेतून थेट रक्कम पाठवण्याचा आग्रह धरत असेल आणि चालू व्हिडिओ कॉलवर गाडीचा क्रमांक दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर ते संकेतस्थळ बनावट आहे असे समजून बाजूला व्हावे. डीलरचा परवाना त्या राज्याच्या नोंदणीत पाहता येतो, आणि फोन नंबर त्याच्या जाहिरातीतून न घेता स्वतंत्रपणे शोधलेला असावा.

कर आणि कागद

दुसऱ्या राज्यातून गाडी घेतली म्हणून कर चुकत नाही. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, आणि बाहेरून आणलेल्या वस्तूवर तितकाच वापरकर नोंदणीच्या वेळी भरावा लागतो. विक्री होणाऱ्या राज्यात कर भरला असेल तर बहुतेक राज्ये त्याची वजावट देतात, पण तेथील दर अधिक असेल तर वरचा फरक परत मिळत नाही. त्यामुळे डीलर आपल्या राज्याचा कर घेणार, स्वतःच्या राज्याचा घेणार की काहीच घेणार नाही, हे अंतिम हिशेबात स्पष्ट दिसले पाहिजे. माँटाना राज्यात विक्रीकर नसल्याने तेथे कागदोपत्री कंपनी काढून तिच्या नावावर गाडी घेण्याचा सल्ला अनेकजण देतात. अनेक राज्यांचे करविभाग अशा नोंदण्यांच्या मागे लागलेले आहेत, आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या प्रतीक्षेत असलेल्या माणसाने करचुकवेगिरीची छायाही अंगावर घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना आहे. तेथील रहिवाशाने राज्याबाहेर घेतलेले मोटरहोम ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेले असेल, तर ते कॅलिफोर्नियाच्या धूरनियमांना प्रमाणित असावे लागते. अन्यथा नोंदणी अडते. इंजिनाजवळची धूरप्रमाणाची पट्टी छायाचित्रातून मागवून घ्यावी. ट्रेलरला इंजिन नसल्याने हा प्रश्न येत नाही.

नव्या गाडीला मालकीपत्र नसते. कारखान्याने दिलेले उगम-प्रमाणपत्र असते, आणि त्यावरून आपले राज्य मालकीपत्र बनवते. रोख घेतल्यास ते प्रमाणपत्र आपल्या हाती कधी मिळणार, कर्ज असल्यास ते कोणाकडे जाणार, आणि वाटेसाठीची तात्पुरती नंबर पाटी किती दिवस चालेल, हे तीन प्रश्न निघण्यापूर्वी सोडवावेत. विमा सही करण्याच्या दिवसापासूनच चालू असावा.

तपासणीचा दिवस

बहुतेक डीलर गाडी देताना तास-दोन तासांची ओळखफेरी करून देतात: हे बटण असे चालते, ही टाकी अशी रिकामी करायची. ती आवश्यक आहे, पण ती तपासणी नव्हे. आरक्षण करतानाच लिहून घ्यावे की सही करण्यापूर्वी किमान अर्धा दिवस आपल्याला गाडी तपासायला मिळेल, तिला पाणी, वीज आणि भरलेल्या गॅसच्या टाक्या जोडलेल्या असतील, आणि निघालेले दोष दूर झाल्यावरच पैसे दिले जातील. स्वतः जाणे शक्य नसेल तर राष्ट्रीय आरव्ही निरीक्षक संघटनेने, म्हणजे एनआरव्हीआयएने, प्रमाणित केलेला स्वतंत्र निरीक्षक नेमावा. त्याचे शुल्क शेकड्यांत, कधी हजार डॉलरच्या वरही जाते, पण ही रक्कम वाचवू नये. दारापाशी आरव्हीआयएची, म्हणजे आरव्ही उद्योग संघटनेची, मुद्रा असते. ती वीज, गॅस, पाणी आणि आग यांच्या सुरक्षिततेचे मानक पाळल्याचे सांगते, सुतारकामाच्या दर्जाविषयी काही सांगत नाही.

तपासणी छतापासून सुरू करावी. शिडी मागून घ्यावी आणि प्रत्येक झरोक्याभोवतीचा सांधा नीट भरला आहे का ते पाहावे, कारण आरव्हीचा खरा शत्रू पाणी आहे आणि ते बहुधा वरूनच शिरते. बाहेर सरकणारी खोली दोनदा पूर्ण उघडावी आणि मिटावी. उघडी असताना आतून कोपऱ्यांकडे पाहिले आणि उजेडाची रेघ दिसली, तर रबरी पट्टी नीट बसलेली नाही. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे.

पाण्याची तपासणी सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत मोलाची. आधी टाकी भरून पंप चालू करावा आणि सर्व नळ बंद ठेवून शांत बसावे. पंप दाब आल्यावर गप्प झाला पाहिजे. नळ बंद असताना तो दर काही मिनिटांनी पुन्हा घरघरला, तर कोठेतरी गळती आहे. नंतर सर्व नळ आणि शॉवर दहा-पंधरा मिनिटे वाहू द्यावेत आणि बेसिनखालच्या प्रत्येक सांध्यावर कोरडा टिश्यू कागद फिरवावा. गीझर गॅसवर आणि विजेवर दोन्ही रीतींनी चालवून पाहावा. गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला बारा तास किंवा अधिक लागतात, म्हणून तो आदल्या संध्याकाळीच चालू करून ठेवण्याची विनंती करावी. थंडीच्या महिन्यांत डीलर नळांत गुलाबी गोठणरोधक द्रव भरून ठेवतात आणि पाण्याची तपासणी होणार नाही असे सांगतात. ती करून दाखवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

स्वयंपाकघराविषयी इंग्रजीतल्या कोणत्याही यादीत न सापडणाऱ्या काही गोष्टी सांगतो. घरचा कुकर आणि तवा सोबत न्यावा. शेगडीच्या वर बसवलेल्या मायक्रोवेव्हखाली पाच लिटरचा कुकर शिट्टीसकट मावतो का, आणि तवा ठेवल्यावर शेजारच्या बर्नरवर दुसरे भांडे बसते का, हे पाहिल्यावरच कळते. धूर ओढणारा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो का, की जाळीतून गाळून ती आतच सोडतो, हे विचारावे. बाहेर टाकणारा असेल तर गाडीच्या बाहेरच्या अंगाला त्याची झडप असते आणि तिच्या कड्या उघडाव्या लागतात. मोहरी-मिरचीची फोडणी छोट्या बंद जागेत धुराची घंटा लगेच वाजवते. आईने ओट्यावर परात ठेवून कणीक मळण्याची जागा आहे का हे पाहिले, आणि तेवढ्यावरून आम्ही एक आराखडा बाद केला.

शक्य असेल तर सही करण्यापूर्वी एक रात्र त्याच गाडीत, डीलरच्या आवारात राहू देण्याची विनंती करावी. ते मान्य नसेल, तर ताब्यात घेतल्यावर दोन रात्री दहा-वीस मैलांच्या आतल्या कॅम्पग्राउंडवर काढाव्यात, आणि तो मुक्काम परतीच्या वेळापत्रकात आधीच धरावा. आमच्या ट्रेलरमध्ये शॉवरखालचा सांधा ढिला होता. दिवसाच्या तपासणीत तो दिसला नाही. रात्री चौघांच्या आंघोळी झाल्यावर पलंगाखाली पाणी आले, आणि सकाळी डीलरने तासाभरात ते दुरुस्त करून दिले. त्याच दिवशी पाऊस पडत होता म्हणून बाहेरच्या अंगाला उघडणारे सावलीचे कापडी छप्पर (ऑनिंग) उघडून पाहण्याचे आम्ही टाळले. घरी आल्यावर कळले की त्याचा एक दांडा वाकलेला आहे. तो आम्हीच वाकवला नाही हे सिद्ध करण्यात आणि बदलून घेण्यात तो संपूर्ण उन्हाळा गेला, आणि आई-बाबा परतले तोवर सावलीत बसण्याची त्यांची हौस तशीच राहिली.

सही

तीन दिवसांत करार मोडता येतो, अशी समजूत पुष्कळांची असते. तो संघीय नियम डीलरच्या दुकानात झालेल्या खरेदीला लागू होत नाही, आणि पूर्णपणे फोनवर किंवा इंटरनेटवर झालेल्या खरेदीलाही लागू होत नाही. सदोष वाहनांविषयीचे अनेक राज्यांचे कायदे ओढत न्यायच्या ट्रेलरला वगळतात, किंवा मोटरहोमच्या केवळ वाहनाच्या भागापुरते मर्यादित असतात. शिवाय वाद झाल्यास तो डीलरच्या राज्यातच सोडवला जाईल असे कलम करारात असू शकते. ‘नंतर पाठवून देऊ’ असे जे जे सांगितले गेले, ते देणे बाकी असल्याच्या कागदावर तारखेसह लिहून, व्यवस्थापकाची सही घेऊन आणावे. वित्त विभागाच्या खोलीत विस्तारित सेवाकरार आणि रंगाचे संरक्षण विकले जाते. तेथे थकलेल्या मनाने हो म्हणू नये.

घरी आणणे

वाहतूकदाराकडून मागवायचे असेल तर त्याचा यूएसडॉट क्रमांक, म्हणजे वाहतूकदाराचा सरकारी नोंदणी क्रमांक, संघीय मोटर वाहक सुरक्षा प्रशासनाच्या नोंदीत तपासावा आणि मालाच्या विम्याचे प्रमाणपत्र मागावे. गाडी उतरवून घेताना पावतीवर ओरखडे नोंदवल्याशिवाय सही करू नये. स्वतः ओढून आणणार असाल, तर ब्रेक नियंत्रक आणि वजन विभागणारी जोडणी निघण्यापूर्वी बसवून, रिकाम्या आवारात वळणे आणि मागे घेणे यांचा सराव करावा. पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर चाकांचे नट योग्य जोराने पुन्हा आवळावेत. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, तेव्हा रस्त्यावरच्या पाटीवर ७० लिहिलेले असले तरी आपण ६० च्या आसपास राहावे. टोलनाक्यांवर चाकांच्या आसांच्या (अ‍ॅक्सल) संख्येनुसार आकारणी होते, हेही खर्चात धरावे.

घरी पोहोचल्यावर पहिल्या तीन महिन्यांत किमान तीन वेळा, जवळच्याच ठिकाणी का होईना, मुक्कामाला जावे आणि प्रत्येक दोष तारखेसह छायाचित्र काढून कंपनीला ईमेलने कळवावा. गाडीचा क्रमांक महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून दोषामुळे गाड्या परत बोलावण्याच्या (रिकॉल) सूचना पाहाव्यात. वॉरंटी संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि उरलेल्या दोषांच्या यादीसह दुरुस्तीची वेळ त्याच दिवशी मागून घ्यावी.